पुरानंतरचा गाळ आणि राडारोडा उचलायचं कंत्राट : नव्यानं खुर्चीत बसलेल्यांसाठी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, सावित्रीचं महाडमध्ये. पाणी ओसरल्यावर रस्त्यावर उरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं : गुडघाभर चिखल, भिजलेल्या गाद्या, फ्रीज, फुगलेली धान्याची पोती, पडलेल्या भिंती. मदतीला मोठ्या महापालिकांची सफाई पथकं आली, संस्था आल्या, कॉलेजची मुलं आली. पण अशी पथकं काही दिवसांनी परत जातात. त्यानंतरचं काम गावच्या पालिकेला मशीन लावूनच करावं लागतं. मशीन लावायचं म्हणजे कंत्राट आलं, आणि कंत्राट आलं की दोन वर्षांनी ऑडिट आलंच.

हा लेख नव्यानं रुजू झालेले मुख्याधिकारी, बांधकाम किंवा आरोग्य विभागातले कनिष्ठ अभियंते आणि पहिल्यांदाच सरकारी कामावर जेसीबी लावणारे ठेकेदार यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या कामात दरावरून फारशी भांडणं होत नाहीत, होतात ती मोजमापावरून. म्हणून खाली मोजमापाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

१. मे महिन्यात करायचं काम

पूर आल्यावर कोटेशन मागवायला बसलात तर समोरचा जो दर सांगेल तो तुमचा दर. म्हणून मे संपायच्या आत वार्षिक दरकरार करून ठेवा. रीतसर निविदा काढा आणि जेसीबी, पोकलेन, डंपर, ट्रॅक्टर-ट्रॉली, चिखल उपसायचा पंप, मजूर या प्रत्येकाचा दर ठरवून घ्या. पूर आलाच नाही तर एक रुपयाही द्यावा लागत नाही.

यात एक मेख आहे, ती नवख्यांच्या लक्षात येत नाही. गावातल्याच तीन ठेकेदारांशी करार केला, तर पुरात त्यांच्याही मशीन बुडालेल्या असतात आणि ऑपरेटर स्वतःच्या घरातला चिखल काढत असतो. एखादा तरी ठेकेदार दुसऱ्या खोऱ्यातला हवा. चिपळूणसाठी कराड-पाटणकडचा चालेल, पण घाट बंद पडले तर तोही वरच अडकणार. २०२१ च्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरच्या वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचला आणि त्या बाजूची वाहतूक तुटली होती. तेव्हा एक घाटावरचा आणि एक किनाऱ्याच्या बाजूचा, असे दोन हाताशी ठेवा. मशीन किती तासांत पोहोचली पाहिजे आणि ट्रेलरचं भाडं कोणी द्यायचं, हेही करारातच लिहा.

२. पाणी ओसरलं : कुठल्या अधिकारात काम देताय?

दरकरार नसेल तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ उघडा. कलम ३४ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाला (जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात) राडारोडा हटवायचे अधिकार आहेत. कलम ५० प्रमाणे, बचाव किंवा मदतकार्यासाठी तातडीची खरेदी गरजेची आहे अशी प्राधिकरणाची खात्री झाली, तर ते विभागाला तसा अधिकार देऊ शकतं आणि मग निविदेची नेहमीची पद्धत माफ झाली असं धरलं जातं. कलम ६५ खाली खाजगी वाहनं आणि साधनसामग्री ताब्यात घेता येते, तिचा मोबदला कलम ६६ प्रमाणे द्यावा लागतो.

कलम ५० नीट वाचलं की दोन गोष्टी दिसतात. पहिली, खात्री प्राधिकरणाची व्हायला हवी, तुमची किंवा नगराध्यक्षांची नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांचं लेखी पत्र हवं. रात्री फोनवर 'लावा मशीन' म्हणाले असतील तर लावा, पण सकाळी त्या फोनचा हवाला देऊन ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. दुसरी, ही सवलत बचाव आणि मदतीपुरती आहे. पूर ओसरून दीड महिना झाल्यावर नाल्याकाठच्या ढिगासाठी कलम ५० पुढे केलंत, तर ऑडिटवाला हसेल. तेव्हा अल्पमुदतीची निविदा काढायची.

पालिकेच्या स्वतःच्या कायद्यातही तातडीच्या कामाची तरतूद असते. नगरपालिकांत अध्यक्षांच्या कलम ५८(२) खालच्या, तातडीचं काम स्वतःच्या आदेशानं करून घ्यायच्या अधिकाराचं नाव तुमच्या कानावर आलंच असेल. तो मार्ग घेतलात तर पुढच्या सभेत विषय ठेवायला विसरू नका. आणि काहीही झालं तरी एका कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कोटेशनच्या (निविदेशिवाय काम देता येतं त्या) मर्यादेत बसवू नका. प्रभागवार पाच कार्यादेश, पाचही एकाच तारखेचे, एकाच ठेकेदाराला, ही फाईल उघडताच पकडली जाते.

३. आधी पंचनामा, मग फावडं

लोकांना दुकान लवकर रिकामं करायचं असतं, तुम्हाला रस्ता मोकळा करायचा असतो. पण भिजलेला माल डंपरमध्ये गेला की त्या दुकानदाराच्या हातातला पुरावा गेला. तलाठी आणि विमा सर्व्हेअर यांच्या फेऱ्यांचं वेळापत्रक तहसील कार्यालयातून घ्या आणि मशीन त्याच क्रमानं फिरवा. जिथे थांबणं शक्य नाही तिथे मालकाला उभं करून फोटो आणि व्हिडिओ काढा, कागदावर त्याची सही घ्या.

घराच्या आतला गाळ रस्त्याच्या कडेला आणून टाकायचं काम मालकाचं किंवा स्वयंसेवकांचं, तिथून पुढचं पालिकेचं, ही सीमारेषा कार्यादेशात लिहा. ठेकेदाराची माणसं परस्पर घरात शिरली तर चोरीच्या तक्रारी ठरलेल्या. पडकं घर पाडायचं असेल तर मालकाची लेखी संमती घ्या किंवा धोकादायक इमारतीची रीतसर नोटीस काढा. तुळया, कौलं, लोखंड, भांडी मालकाची आहेत. भंगार ठेकेदाराचं असं मोघम वाक्य करारात शिरू देऊ नका.

दरड कोसळली असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. शोधकार्य अधिकृतपणे थांबल्याचा निर्णय होईपर्यंत राडारोड्याचं कंत्राट हा विषयच काढायचा नाही. जुलै २०२३ मध्ये रायगडमधल्या इर्शाळवाडीत दरड कोसळली तेव्हा गाडीरस्ताच नसल्यानं मोठी यंत्रं वर पोहोचू शकली नाहीत, माणसांनी हातानं खोदलं. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. अशा जागेची माती 'इतके ब्रास' (ब्रास हे घनफळाचं माप) म्हणून कोणी निविदेत लिहीत नाही, आणि लिहूही नये.

४. अंदाज काढा, ठोकताळ्यानं का होईना

अंदाज न काढता दिलेला कार्यादेश म्हणजे कोरा चेक. पद्धत सोपी आहे. समजा एक किलोमीटर रस्ता, रुंदी ६ मीटर, गाळाची सरासरी जाडी १५ सेंटिमीटर. १००० गुणिले ६ गुणिले ०.१५, म्हणजे ९०० घनमीटर. गाळ उचलला की सैल होतो आणि फुगतो, तेव्हा वीस टक्के वाढ धरा : १०८० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. झाले साधारण ३८२ ब्रास. चार ब्रासचा टिपर (हौदा उचलून माल ओतणारा डंपर) असेल तर ९६ फेऱ्या.

टाकायची जागा आठ किलोमीटरवर असेल तर भरणं, जाणं, रिकामं करणं, परत येणं यात सव्वा ते दीड तास जातो. दिवसाला सहा फेऱ्या मिळाल्या तरी खूप. एका पोकलेनमागे पाच टिपर लावले तर दिवसाच्या तीस फेऱ्या, म्हणजे हा रस्ता सव्वातीन दिवसांचं काम. दोनच टिपर लावले तर पोकलेन निम्मा दिवस बूम वर करून उभी राहील आणि तिच्या तासांचे पैसे तुम्ही द्याल. दहा मिनिटांचं हे गणित केलं की ठेकेदार 'साहेब, सहाशे फेऱ्या झाल्या' म्हणाला तर कुठे थांबवायचं ते कळतं.

गाळाची जाडी दर पन्नास मीटरवर पट्टी खुपसून मोजा आणि पट्टीसकट फोटो काढा. दोन दिवसांनी ही जागा साफ झालेली असेल, मग मोजायला काही उरत नाही.

५. तास, फेरी, ब्रास की टन?

पहिले दोन-तीन दिवस रस्ता उघडण्यासाठी तासाचा दर ठीक. कुठे काय सापडेल याचा कोणालाच अंदाज नसतो, अशा वेळी घनफळावर अडून बसलात तर कोणी मशीन लावणार नाही. मात्र तासावर घेतलेल्या मशीनचं अवर मीटर (ती किती तास चालली ते दाखवणारं) रोज सकाळी आणि संध्याकाळी फोटोत आलं पाहिजे. डिझेल कोणाचं, ऑपरेटरचा भत्ता कोणाचा, किमान तास किती, बंद पडल्यास किंवा टिपरची वाट पाहत उभी राहिल्यास काय, हे आधी ठरवा. चौथ्या दिवसापासून तास बंद. अमेरिकेत चक्रीवादळांनंतरच्या कामात केंद्रीय मदत देणारी 'फेमा' ही संस्था याच कारणासाठी तासावरच्या कंत्राटांकडे संशयानं बघते. तिच्या जुन्या मार्गदर्शनात त्यासाठी ७० तासांची मर्यादा होती.

नुसत्या फेरीचा दर कधीच ठरवू नका. फेरीवर दर ठरला की गाड्या लहान होत जातात आणि अर्ध्या भरून पळतात.

टनाचा दर काट्यावर तोलता येतो म्हणून अचूक वाटतो. पण ओल्या गाळात पाणीच इतकं असतं की तुम्ही पाण्याचे पैसे मोजता. शिवाय पूरग्रस्त गावातला वजनकाटा चालू असेलच असं नाही. विटा, काँक्रीट, कोरडा राडारोडा यांना टन चालेल. गाळाला ब्रासच बरा. गाद्या, फर्निचर, कपडे यांचं घनफळ फसवं असतं, पोकलेनच्या बकेटनं एकदा दाबलं की निम्मं होतं. ती वेगळी बाब धरा, दाबून भरायची अट घाला.

आता मुख्य काम. प्रत्येक टिपरचा हौदा काम सुरू व्हायच्या आधी आतून मोजा. उदाहरणार्थ लांबी १४ फूट, रुंदी ७.५ फूट, उंची ४ फूट, म्हणजे ४२० घनफूट. पुढच्या बाजूला हायड्रॉलिक जॅकची पेटी हौद्यात शिरलेली असते, तिचं माप वजा करा. राहिले चार ब्रास आणि वर थोडं. हा आकडा गाडीच्या दोन्ही बाजूंना ऑइलपेंटनं मोठा लिहा, नंबरप्लेटसकट फोटो काढा आणि मोजमापाच्या तक्त्यावर ठेकेदाराची सही घ्या. हौद्याच्या वर नंतर लाकडी फळ्या चढल्या तर त्या मोजायच्या नाहीत.

टाकायच्या जागेच्या फाटकावर हौद्यात वरून बघता येईल एवढ्या उंचीचं मचाण बांधा, बांबूचं चालेल. त्यावर बसलेला माणूस प्रत्येक गाडीत वाकून बघतो आणि भरणा सांगतो : पूर्ण, पाऊण, अर्धा. जमिनीवर उभं राहून टिपरच्या आत काय आहे ते दिसत नाही. मागच्या फाळक्याशी ढीग आणि पुढे खड्डा, ही जुनी युक्ती आहे. तो माणूस ठेकेदाराचा नसावा आणि एकच माणूस रोज तिथे नसावा. कर्मचारी कमी पडले तर जवळच्या तंत्रनिकेतनच्या मुलांना मानधनावर घ्या.

आणि परत जाणारी गाडीही बघा. चिकट गाळ हौद्याच्या तळाला धरून राहतो. तीन इंचांचा थर राहिला तर वरच्या मापाच्या गाडीत तो २६ घनफूट भरतो, म्हणजे पाव ब्रास. ९६ फेऱ्यांत ते पंचवीस ब्रासच्या घरात जातं, आणि त्या गाळाचे पैसे तुम्ही दर फेरीला नव्यानं देत राहता. गाडी पूर्ण झटकल्याशिवाय पावतीवर सही नाही, हा नियम पहिल्या दिवशीच लावा. तिसऱ्या दिवशी लावला तर भांडण होतं.

पावती चार प्रतींची असावी : चालक, ठेकेदार, फाटक, पालिका. तीवर गाडीचा नंबर, हौद्याचं माप, भरलेली जागा, निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ, भरणा, मालाचा प्रकार. आठ किलोमीटरचं अंतर भरलेल्या गाडीनं सात मिनिटांत काटलेलं दिसलं की समजून जा. मापात पाप बहुतेक वेळा याच दोन रकान्यांत सापडतं.

६. टाकायचं कुठे

जागा ठरल्याशिवाय कार्यादेश देऊ नका. गाळ उचलून नदीच्या काठावर ओतला तर पुढच्या जोराच्या पावसात तो परत बाजारपेठेत येतो. जलसंपदा विभागाचा निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेचा नकाशा घ्या. निळ्या रेषेच्या आत काहीही टाकायचं नाही, शक्यतो लाल रेषेच्याही बाहेर जा. कोकणात खाडीकाठची कांदळवनं आणि खारजमिनी सोप्या जागा वाटतात, तिथे तर गाडी वळवूच नका.

गायरान किंवा बंद खाण असेल तर महसूल विभागाचं पत्र घ्या. एखादा शेतकरी स्वतःहून म्हणतो, माझ्या खाचरात टाका, भराव होईल. चांगली गोष्ट आहे, पण सात-बारा बघा, लेखी संमती घ्या आणि तिथे फक्त स्वच्छ गाळ जाऊ द्या, काचा आणि प्लास्टिक नाही. आणि हो, गाळ गटारात लोटून अग्निशमनच्या पाइपनं वाहून नेणं हा साफसफाईचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात वाईट प्रकार आहे. आठवड्याभरानं तीच गटारं उपसण्याचं दुसरं बिल येतं.

नदीपात्रातला गाळ काढणं हा स्वतंत्र विषय आहे. वाशिष्ठीतल्या गाळासाठी चिपळूणकरांना पुराच्या नंतर वेगळं आंदोलन करावं लागलं. ते काम रस्त्यावरच्या कंत्राटात घुसडू नका.

७. वेगळं काढायच्या वस्तू

गॅस सिलिंडर एजन्सीला. फ्रीज, टीव्ही, मोटारी अधिकृत ई-कचरा उचलणाऱ्याला. औषध दुकानातला भिजलेला साठा अन्न व औषध प्रशासनाला कळवून, कीटकनाशकं कृषी विभागाला कळवून. मेलेली जनावरं पहिल्याच दिवशी, पशुसंवर्धन विभागाच्या सल्ल्यानं. ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे न फोडता, ओले करून, वेगळ्या गाडीत. यांतलं काहीही गाळाच्या गाडीत दिसलं तर ती फेरी मोजायची नाही, एवढं एक वाक्य करारात पुरतं.

मजुरांना गमबूट, जाड हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) गोळ्या आरोग्य विभागाच्या सल्ल्यानं द्या. याची खरेदी ठेकेदारावर सोपवली तर बूट येत नाहीत. पालिकेनं स्वतः घेऊन वाटावेत आणि बिलातून वळते करावेत.

८. पहिल्यांदा काम घेणाऱ्या ठेकेदाराला

भाऊ, तोंडी शब्दावर मशीन लावलीस तर तुझे पैसे अडकले म्हणून समज. पूरकाळात सगळेच गोड बोलतात. तीन महिन्यांनी साहेबांची बदली होते आणि नवे साहेब कागद मागतात. कार्यादेश नसेल तर निदान व्हॉट्सॲपवर मागणी लिहून घे. लॉगशीटवर सही रोजची रोज घे, आठवड्याची एकदम कोणी करत नाही. डिझेल पंपावर उधारीची सोय आधी कर, पुरात गावातला पंपही बुडालेला असतो. बिलातून टीडीएस कापला जाणार हे दरात धर : अडीच लाखांवरच्या कंत्राटाला जीएसटीचा दोन टक्के आणि प्राप्तिकराचा वेगळा. ऑपरेटरचा परवाना आणि मजुरांचा विमा फाईलला लाव. आणि पैसे हातात यायला किती महिने लागतील ते सांगता येत नाही, तेवढी ताकद असेल तितक्याच मशीन लाव.

९. बिल

२०२२ ते २०२६ साठीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत सार्वजनिक जागेतला राडारोडा काढण्याचा प्रत्यक्ष खर्च बसतो, पण काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आतलाच. तुमच्या वेळी लागू असलेले निकष जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती शाखेतून पहिल्याच दिवशी मागवा आणि त्यांतल्या मुदतीची तारीख फळ्यावर लिहा. शेतातल्या गाळाचे पैसे याच्यात मिसळू नका. त्याच निकषांत तीन इंचांपेक्षा जास्त थर साचलेल्या जमिनीसाठी हेक्टरी १८,००० रुपये आहेत, पण ती मदत शेतकऱ्याची आहे, तिचा तुमच्या ठेकेदाराशी संबंध नाही.

फाईलमध्ये या क्रमानं लावा : प्राधिकरणाचं पत्र, दरकरार किंवा दराचं समर्थन, गाळाच्या जाडीचे फोटो, अंदाजपत्रक, हौद्यांच्या मापाचा तक्ता, पावत्यांचे गठ्ठे तारखेनुसार, मोजमाप पुस्तिका, आधीचे आणि नंतरचे फोटो. कलम ५० खाली काम झालं असेल तर प्राधिकरणानं नेमलेल्या नियंत्रण अधिकाऱ्याचं वापर-प्रमाणपत्र हे हिशेबासाठी वैध व्हाउचर मानलं जातं, ते विसरू नका. मात्र प्रमाणपत्र आहे म्हणून पावत्या फेकूनही देऊ नका. मदतीच्या पैशांचा किंवा सामानाचा अपहार याच कायद्याच्या कलम ५३ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

पावत्यांची बेरीज आणि चौथ्या पायरीतला अंदाज शेजारी ठेवा. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालतो. दीडपट निघाली तर सही करायच्या आधी टाकायच्या जागेवरचा ढीग टेपनं किंवा ड्रोननं मोजून घ्या, ढीग कुठे जात नाही.

अनामत रक्कम लगेच सोडू नका. भरलेल्या टिपरनी फोडलेली गटारांची झाकणं, वाकलेले नळजोड, खचलेल्या रस्त्याच्या कडा यांची यादी प्रभागातल्या मुकादमाला घेऊन फिरून करा. टाकायच्या जागेवरचा ढीग सपाट करून त्याच्या कडेनं चर खणून झाला का ते बघा. हे सगळं झालं की मग अनामत सोडायची.